लांब पट्टा

गेल्या महिन्यात माझ्या नातीने नवा कॅमेरा घेतला. कॅमेरा घेताना तिने मला काही विचारलं नाही, ते बरोबरच केलं, कारण आताच्या कॅमेऱ्यातलं मला ओ की ठो कळत नाही. पण पट्ट्याच्या बाबतीत तिला आजोबांची आठवण झाली. फोनवर तीन पट्टे दाखवले. एक रुंद, आत गादी भरलेला, एक कातडी, आणि एक तिरका, खांद्यावरून कमरेशी येणारा. "सांगा ना, कुठला घेऊ?" मी म्हटलं, "कुठलाही घे, पण आखूड घे." तिने कारण विचारलं. लांब पट्ट्याने मान दुखते असं मी सांगितलं आणि ती गेली. ते खोटं होतं. लांब पट्ट्याने मान मुळीच दुखत नाही. लांब पट्ट्याइतकं सुख दुसऱ्या कशात नाही. खरं कारण मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही, आणि ज्याला सांगायला हवं होतं त्याला तर नाहीच. आता लिहायला बसलोच आहे, तर या एका प्रकरणात तरी लपवाछपवी करत नाही.

आम्ही गिरगावात फणसवाडीत राहत होतो. घराणं मुंबईतलं जुनं. पणजोबांच्या नावावर दोन वाड्या होत्या म्हणे. माझ्या वाट्याला आल्या त्या चार खोल्या आणि आडनावाचा थोडा ताठा. वडिलांना आम्ही भाऊ म्हणायचो. ते एका जहाज कंपनीच्या कचेरीत कारकून होते आणि कचेरीतून आले की कोट खुंटीला लावून, तोंड धुऊन, पहिल्यांदा कपाट उघडून कॅमेरा जागेवर आहे ना ते बघत. मग चहा. आई म्हणायची, "मी घरात आहे की नाही हे मात्र कधी बघत नाहीत." आमच्या घरात रविवारी कोलंबीचं भानोळं व्हायचं. कोबी आणि कोलंबी मसाल्यात कालवून, वर-खाली निखारे घालून आई ते भाजायची आणि त्याचा खमंग वास जिन्यापर्यंत जायचा. खाली ट्रामची घंटा, समोरच्या माडीवर बँडवाल्यांची तालीम, मागच्या बाजूला देवळातली आरती, आणि या सगळ्यात भाऊ गॅलरीत बसून कॅमेऱ्याच्या कातडी पट्ट्याला खोबरेल तेल चोळत बसलेले. भानोळं आणि खोबरेल, या दोन वासांनी माझा रविवार पुरा होत असे.

तो कॅमेरा दोन डोळ्यांचा होता. एकावर एक अशी दोन भिंगं. खालच्या भिंगातून फोटो निघायचा आणि वरच्यातून आपण बघायचं. पण बघायचं ते डोळ्याला लावून नाही. वरचं झाकण उघडायचं, मान खाली घालायची, की आत घासलेल्या काचेवर समोरचं चित्र उमटलेलं दिसायचं. पोथी वाचावी तसं. त्या चित्रात एक खोड होती. ते आरशासारखं उलटं असे. उजवीकडचं झाड काचेत डावीकडे, डावीकडची आई काचेत उजवीकडे. समोरून माणूस उजवीकडे चालला की काचेत तो डावीकडे चालताना दिसे. पहिल्या दिवशी मी कॅमेरा नेमका भलतीकडे वळवत राहिलो आणि समोर बसलेली मावशी कडेने निसटून गेली. भाऊ म्हणाले, "प्रभाकर, एक लक्षात ठेव. बसलेल्या माणसाला काचेतून बघ. हलणाऱ्या माणसाला काचेतून बघायचं नाही. झाकणात चौकट आहे, ती उघड, कॅमेरा डोळ्याशी धर आणि सरळ बघ." दुसरा नियम त्यांचा असा की आधी पट्टा गळ्यात, मग कॅमेरा हातात. म्हणून त्यांचा पट्टा आखूड होता. कॅमेरा छातीवर बसायचा, आणि तिथून डोळ्याशी न्यायला वेळ लागत नसे.

मी एकोणीस वर्षांचा झालो तेव्हा भाऊंनी कॅमेरा माझ्या हवाली केला. त्यांचे हात थोडे कापायला लागले होते. ते कधी बोलले नाहीत, पण त्यांच्या फोटोंतली माणसं धुरकट यायला लागली होती. पट्टा मात्र माझ्या मानेला जमेना. बोटभर रुंदीचं ते कातडं उन्हात घामाने भिजायचं, वाळलं की करकरायचं, आणि माझ्या प्रत्येक सदऱ्याच्या कॉलरवर एक तपकिरी रेघ उमटायची. ती रेघ धुवून धुवून आई वैतागली. मग तिने आपल्या जुन्या इरकली लुगड्याचा काठ फाडला, त्यात कापूस भरला, आणि उशीसारखा मऊ पट्टा शिवून दिला. मऊ होता खरा, पण लाल काठाचा! मी तो तीन दिवस गळ्यात घालून हिंडलो आणि त्या तीन दिवसांतच माझी आणि येशाची ओळख झाली.

दिवस चळवळीचे होते. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे, ही घोषणा भिंतींवर होती, दुधाच्या बाटल्या नेणाऱ्या पोरांच्या तोंडी होती, आमच्या वाडीतल्या बारशालाही होती. भाऊंना घोषणा आवडत नसत. "मुंबई आमचीच आहे, ती मागायची कोणाकडे?" असं ते म्हणत, आणि त्या एका वाक्यावर त्यांनी चळवळीतून स्वतःला सोडवून घेतलं होतं. मी मात्र कॉलेज सुटलं की मोर्चांचे फोटो काढायचो. आमच्या गल्लीच्या तोंडाशी चळवळीचा एक फळा होता. त्यावर रोजच्या बातम्या खडूने लिहीत आणि बाजूला माझे फोटो टाचणीने लावत. एके संध्याकाळी लालबागहून पत्रकांचे गठ्ठे न्यायला काही गिरणी कामगार आले होते. त्यांतला एक काळासावळा, काटकुळा पोरगा फळ्यासमोर बराच वेळ उभा राहिला आणि मोठ्याने म्हणाला, "हे कोणी काढलेत रे फोटू?" मी छाती काढून पुढे झालो. "सगळ्यांच्या पाठीच दिसतात. लोकांना तोंडं नाय काय?" मी काहीतरी उत्तर द्यायला लागलो, तेवढ्यात त्याचं लक्ष माझ्या गळ्याकडे गेलं. "आणि हे काय? हळदीकुंकवाला निघालास?"

त्याचं नाव यशवंत. सगळे येशा म्हणत. माझ्याहून वर्षाने मोठा, आणि गिरणीत सहा वर्षं काढलेली. त्याच्या बोलण्याचा मला राग आला, कारण ते खरं होतं. मी मोर्चात नेहमी मागे असे. दुकानाच्या फळीवर, ओट्यावर, जिन्याच्या पायरीवर, जिथून पटकन निघता येईल अशी जागा बघून मी उभा राहायचो. भित्रा होतो असं सरळ म्हणावं. पुढच्या मोर्चात त्याने मला दंडाला धरून पुढे नेलं आणि त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या काचेत माणसांची तोंडं आली. उघडी तोंडं, घामेजलेली, एका म्हातारीच्या तोंडात एकच दात. तो फोटो फळ्यावर लागला तेव्हा येशाने मला पाठीवर असा गुद्दा घातला की काठाचा पट्टा एका बाजूने उसवला.

"चल लालबागला," तो म्हणाला, "तुला पट्टा देतो. मरेपर्यंत तुटायचा नाय."

त्यांची खोली दहा बाय बाराची. तीत माणसं किती राहत ते मी कधी नीट मोजू शकलो नाही, कारण पाळीप्रमाणे काही झोपलेली असत आणि काही कामावर. येशाची आई सकाळच्या पेजेचं पातेलं बाजूला सारून तव्यावर बांगडे टाकत होती. मला बघून ती म्हणाली, "बस मरे झिला, उभो कित्याक?" आणि विचारपूस करायच्या आधीच माझ्यासमोर भाकरी, बांगडा आणि वाटीभर सोलकढी आली. आमच्याकडे मासे होत, पण त्यांत मसाल्याचा ऐटबाज थाट असे. इथे नुसती मिरची आणि त्रिफळं. मी तीन भाकऱ्या खाल्ल्या. काकी, मी त्यांना काकी म्हणू लागलो, घरी जाऊन आईला सांग म्हणाल्या, "लालबागच्या बायलेन तुझो झील पळवल्यान म्हणान." झील म्हणजे मुलगा, हे मला तिथेच कळलं.

येशा थ्रॉसल खात्यात होता, म्हणजे जिथे सूत कातलं जातं तिथे. एका साच्यावर, म्हणजे यंत्रावर, सूत गुंडाळणाऱ्या शेकडो चात्या गरगर फिरतात आणि त्यांना फिरवते ती एक पांढरी सुती फीत, दोन बोटं रुंद, घट्ट विणीची. झिजलेली फीत बाद करतात. तसा एक तुकडा येशाने धुऊन, इस्त्री करून ठेवला होता. आता तो माझ्या गळ्यात घालून मला उभं केलं, मागेपुढे केलं, शिंपी अंगरख्याचं माप घेतो तसं माप घेतलं. मी छातीपर्यंत बस म्हटलं. तो म्हणाला, "छातीवर कशाला लटकवतोस, तान्हं पोर हाय काय? बेंबीपर्यंत सोड. हात मोकळे राहतात, पळताना आपटत नाय, आणि मान घातली की दिसतंच ना तुला." त्याने दाभण आणि मेणाचा दोरा घेऊन दोन्ही टोकं कड्यांना शिवली. इतकी बारीक, इतकी सारखी शिवण आमच्या ठाकूरद्वारच्या शिंप्याचीही नव्हती. ती बोटं दिवसभर तुटलेले धागे जोडणारी होती.

त्या पट्ट्याने मला फोटो काढायला शिकवलं. घामाने तो आणखी मऊ व्हायचा. डाग नाही, मानेला काचणं नाही, करकर नाही. कॅमेरा पोटाशी आला की दोन्ही हातांनी तो खाली दाबायचा, म्हणजे पट्टा मानेवर ताठ होतो आणि कॅमेरा भिंतीत खिळ्यासारखा बसतो. मग श्वास सोडता सोडता बटण दाबायचं. धुरकट फोटो येणं बंदच झालं. मान खाली असल्यामुळे लोकांना मी फोटो काढतोय हेही कळत नसे. कोणीतरी नमस्कार करतोय किंवा पायात काटा शोधतोय असं वाटे. चौकट उघडून कॅमेरा डोळ्याशी न्यायचा तर तो एवढ्या खालून उचलावा लागे, म्हणून मी ती उघडायचंच सोडलं. काचेतल्या उलट्या दुनियेची मला इतकी सवय झाली की माणूस काचेत डावीकडे चालला की माझे हात आपोआप उजवीकडे वळत. डोक्याला विचारावं लागत नसे. मला वाटलं, आपण आता तरबेज झालो.

भाऊंनी पट्टा पाहिला. बोटांनी चाचपला, शिवण पाहिली, "हात चांगला आहे त्याचा," असं म्हणाले. मग कॅमेरा किती खाली येतो ते बघून म्हणाले, "वीतभर आखूड कर." मी मान डोलावली. दुसऱ्या रविवारी त्यांनी पुन्हा बघितलं आणि पुन्हा तेच म्हणाले. तिसऱ्यांदा त्यांनी सांगितलं तेव्हा मी उलट बोललो. "भाऊ, तुम्ही वाडीतल्या मुंजींचे फोटो काढलेत. मोर्चात कसं काढायचं ते मला कळतं." आईने स्वयंपाकघरातून झारा आपटला.  भाऊ तेलाची बाटली घेऊन गॅलरीत गेले आणि आता कोणाच्याच गळ्यात नसलेल्या त्या कातडी पट्ट्याला तेल चोळत बसले. ते दृश्य आठवलं की मला अजून माझी लाज वाटते.

तो दिवस आला तेव्हा आम्हाला तो वेगळा वाटलाही नव्हता. आमच्या घरापासून दहा मिनिटांवरच्या एका नाक्यावर लोक रस्त्यात बैठक मारून बसले होते. दुपारची वेळ. समोर दूरवर पोलिसांची रांग. येशा पाळी करून थेट आला होता, केसांत कापसाचे कण तसेच. तो अगदी पुढे, झेंडा धरून. आणि मी? त्या दिवशी बैठक मोठी होती, पोलीस जास्त होते, आणि माझं जुनं दुखणं उपटलं. मी मागच्या बाजूला एका बंद दुकानाच्या ओट्यावर चढलो. इथून सगळं दिसतं, असं मी येशाला सांगितलं. तो हसला. "बरं, आज पाठीच काढ. माझी पाठ चांगली काढ म्हणजे झालं." त्या ओट्यावरून पाहिलं तर रस्त्याच्या एका बाजूला लाकडाच्या वखारीची लांब भिंत होती आणि दुसऱ्या बाजूला दोन इमारतींमधून जाणारा एक अरुंद बोळ. मी अकरा फोटो काढले. रोलमध्ये एकच उरला.

मग अश्रुधुराचं पहिलं नळकांडं फुटलं. पांढरा धूर पसरला, बैठक उठली, आणि माणसं माझ्या ओट्याच्या दोन्ही बाजूंनी मागे धावत सुटली. पोलीस लाठ्या घेऊन पुढे येत होते. मी मान खाली घालून काचेत बघत होतो. खरं सांगायचं तर काचेत बघत असलं की भीती वाटत नसे; तिथे सगळं लहान आणि बिनआवाजाचं असतं. काचेत मला येशा दिसला. सगळे पळत होते आणि तो एकटाच पाठमोरा उभा होता. एका पडलेल्या माणसाला त्याने उठवून मागे ढकललं, मग डोळे चोळत जागच्या जागी चाचपडला. धुराने त्याला दिसत नव्हतं. तो न वळताच ओरडला, "पभ्या! वाट कुठे रे?"

काचेत बोळ डाव्या हाताला दिसत होता. मोकळा होता. मी मान वर न करता ओरडलो, "डावीकडे! येशा, डावीकडे बोळ आहे, पळ!"

आणि बटण दाबलं. बारावा फोटो. तेवढा एक श्वास मी घेतला, पट्टा ताणला, बटण दाबलं, आणि मगच मान वर केली. धुरात येशा दिसेना. मी उडी मारली आणि पळालो. पाय बोळाकडेच गेले. पायांना काच ठाऊक नसते. बोळात माणसं दाटली होती, पण कोणाला धक्का लागला नाही. बोळ पलीकडे एका भाजीबाजारात उतरत होता आणि तिथे कोथिंबिरीच्या जुड्या पाण्यात बुडवत बायका निवांत बसल्या होत्या. मी येशाला हाका मारत तो बोळ दोनदा पालथा घातला. येशा नव्हता. मला त्याचा रागच आला. एवढं स्पष्ट सांगितलं, हा गेला कुठे?

तो वखारीच्या फाटकाशी सापडला. भिंत जिथे वळते तिथे पोलिसांची दुसरी तुकडी होती आणि तो सरळ त्यांच्यावर जाऊन आदळला होता. लाठीचं टोक डाव्या डोळ्यात गेलं. तिसऱ्या दिवशी इस्पितळात भेटायला देत होते. अर्ध्या तोंडावर पट्टी, उशाशी काकी. मला बघून त्याने हात पुढे केला. "आये, हाच तो. हा वरडला म्हणून वाचलो." मी विचारलं, "तू गेलास कुठे?" "तू सांगितलंस तिथेच, डावीकडे. उजवीकडून धडाधड आवाज येत होते रे, गोळ्या घालत असणार. मी तिकडेच निघालो होतो. तू वरडलास म्हणून फिरलो. डोळ्यावर भागलं." काकींनी माझे दोन्ही हात आपल्या कपाळाला लावले.  मला काही कळलंच नव्हतं. डावीकडे गेला म्हणतो, मग बोळात का नव्हता?

घरी कोठीच्या खोलीला खिडकी नव्हती. तिथे मी फोटो धूत असे. दुसऱ्या दिवशी दुपारी तो रोल धुतला, वाळवला, आणि बाराव्या फोटोचा कागद थाळीत सोडला. लाल दिव्यात चित्र हळूहळू वर आलं. मधोमध येशाची पाठ, डोळ्यांकडे गेलेला हात. आणि बोळ उजवीकडे. मी म्हटलं, फिल्म उलटी लावली असणार. नवशिक्याची चूक. कागद फेकला, फिल्म पालटून दुसरा काढला. आता बोळ डावीकडे आला आणि मला हायसं वाटलं. मग वरच्या कोपऱ्यात दुकानाची पाटी दिसली. पाटीवरची अक्षरं उलटी होती. मी पहिला कागद कचऱ्यातून उचलून दिव्याशी धरला. त्यावर ती सरळ वाचता येत होती, अगदी काना-मात्रांसकट. थाळीतलं पाणी गार झालं तरी मी तिथेच उभा होतो. बाहेरून आई विचारत होती, "झालं का रे? जेवतोस ना?"

पट्टा आखूड असता तर मी चौकट उघडली असती आणि डावं ते डावं दिसलं असतं, असं मी वर्षानुवर्षं स्वतःला सांगत आलो. अर्धं खरं आहे. पट्ट्याने मला मान खाली घालायची सवय लावली; पण हाक आल्यावर मान वर करायला कोणी अडवलं नव्हतं. नंतर मी नोकरीला लागलो, लग्न झालं, फोटो काढले ते पोरांच्या वाढदिवसांचे. राज्य झालं त्या दिवशी रोषणाई बघायला येशा आणि मी बरोबर हिंडलो. त्याने माझ्या उजव्या बाजूने चालायचं असं ठरून गेलं होतं, म्हणजे मी त्याच्या अधू बाजूला येई. तुटलेला धागा एका डोळ्याने पकडता येत नाही. बोट धाग्याच्या अलीकडे किंवा पलीकडे पडतं. त्याला थ्रॉसलमधून काढून बॉबिनच्या टोपल्या वाहायला लावलं, आणि त्या तो निवृत्तीपर्यंत वाहत राहिला. त्याच्या लग्नात, त्याच्या मुलांच्या लग्नांत, प्रत्येक पाहुण्याला तो माझ्यासमोर आणून सांगे, "ह्याने मला वाचवला." त्याला जाऊन आता सहा वर्षं झाली. मी सांगितलं नाही. माझ्यासारख्या भित्र्याला एकदाच धीर झाला होता, अगदी सुरुवातीला, आणि तो कसा मोडला ते सांगून हे संपवतो.

येशा इस्पितळातून घरी आला तो रविवार होता. मी तो फोटो पाकिटात घालून, पाकीट सदऱ्याच्या खिशात ठेवून लालबागला निघालो. वाटभर वाक्यं जुळवली. त्याला फोटो दाखवायचा, पाटी वाचायला लावायची, आणि म्हणायचं, चूक माझी. पुढे तो मारेल, शिव्या देईल, काहीही करेल. खोलीच्या दाराशी पोहोचलो तर आत आणि बाहेर गॅलरीत माणसंच माणसं. देवापुढे नारळ ठेवलेला. सगळे खोळंबले होते ते माझ्यासाठी. "इलो, इलो," असं म्हणत काकींनी मला हाताला धरून पुढे नेलं आणि येशाच्या शेजारी उभं केलं. मी म्हटलं, "येशा, मला जरा बोलायचंय." तो म्हणाला, "आधी गाऱ्हाणं होऊ दे."

आमच्याकडे गाऱ्हाणं म्हणजे तक्रार. मला वाटलं, माझीच तक्रार करायला जमलेत. क्षणभर बरंही वाटलं. पण कोकणातल्या माणसांचं गाऱ्हाणं म्हणजे देवाला घातलेली साद. एक जाणता माणूस देवाला सांगतो, मागतो, आणि प्रत्येक वाक्याला सगळ्यांनी एका आवाजात साक्ष द्यायची असते. येशाचे चुलते, वाकलेले, पांढऱ्या मिशांचे, डोक्यावर टोपी घालून पुढे झाले. सगळ्यांनी हात जोडले.

"बा देवा, बारा वहिवाटीच्या म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" खोली दणाणली.

"आमच्या येशाच्या येका डोळ्यावर भागलां, जीव रवलो, ही तुझी किरपा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"गिरगावच्या ह्या झिलान वेळेवर हाक मारल्यान, खरी वाट दाखवल्यान, म्हणान आमचो पोरगो आज हंय उभो आसा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"त्येका उदंड आयुष्य दी. त्येची नजर अशीच सरळ ठेव म्हाराजा!"

या वेळी कोणी काही म्हणालं नाही. चुलते माझ्याकडे बघत होते. काकी बघत होत्या. येशाने उरलेल्या डोळ्याने माझ्याकडे पाहिलं आणि कोपराने ढोसलं. "म्हण रे. तुझ्यासाठी मागतायत, तूच म्हणायचं असतं."

मी हात जोडले आणि म्हटलं, "व्हय म्हाराजा."

नारळ फुटला. मग जेवायला बसलो तेव्हा काकी वाढता वाढता शेजारणीला कौतुकाने सांगत होत्या की पोरगो गिरगावचो, पण किती मनापासून बोललो.